रक्ताची साक्ष

इ. स. २०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात, १४ तारखेस, श्री. लक्ष्मण उतेकर यांनी दिग्दर्शित केलेला 'छावा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि सुरतेच्या दक्षिणेस असलेल्या आमच्या सचिन गावातील मराठी व कोंकणी कुटुंबे, जी एरव्ही देवळातील उत्सवाखेरीज फारशी एकत्र येत नाहीत, ती घोळक्याघोळक्याने तो पाहावयास गेली. पुढे कित्येक दिवस सायंआरतीनंतर सभामंडपात दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे, हा चित्रपट प्रत्येक मुलाला हात धरून दाखवावा. कोणी म्हणे, मुलांना तर नव्हेच, पण मोठ्यांनीही शेवटचा भाग पाहू नये. एका वृद्ध बाईंनी सांगितले की, अखेरचा सारा वेळ त्या डोळ्यांवर पदर घेऊन बसल्या होत्या. राजांचे हाल पाहण्याचे पाप त्यांना नको होते. ह्या शेवटच्या उद्गारात टीकेचा जो प्रश्न दडलेला आहे, त्याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो. धर्मासाठी व राज्यासाठी देह ठेवणाऱ्या पुरुषाचे हाल पडद्यावर किती दाखवावेत, आणि ते पाहून प्रेक्षकाने घरी काय न्यावे?

सचिनमध्ये राहून हा चित्रपट पाहणे आणि पुण्यात बसून तो पाहणे, ह्यांत थोडा फरक आहे. चित्रपटाचा आरंभ बुऱ्हाणपुरावरील स्वारीने होतो. तापीच्या काठचे ते संपन्न शहर संभाजीमहाराजांच्या कारकीर्दीच्या प्रारंभीच, १६८१ साली, मराठ्यांनी लुटले. त्याच तापीच्या मुखाजवळ सुरत आहे आणि तीही १६६४ व १६७० मध्ये मराठ्यांनी दोनदा लुटली होती. पोटापाण्यासाठी खानदेशातून येथे आलेल्या व मागांवर, रंगाईच्या कारखान्यांत कामाला लागलेल्या आमच्या बांधवांना हे ठाऊक आहे की, ज्या प्रसंगाचा आपण पराक्रम म्हणून अभिमान धरतो तोच प्रसंग शेजारच्या गुजराती घरात संकट म्हणून सांगितला जातो. शिवाय सचिन हे नावच मुळी जंजिऱ्याच्या सिद्दींशी जोडलेले आहे. १६८२ च्या आरंभी संभाजीमहाराजांनी ज्या जंजिऱ्यास वेढा घातला होता, त्या जंजिऱ्याच्या गादीवरील आपला हक्क सोडून सिद्दी घराण्यातील एका वारसाने १७९१ मध्ये पेशव्यांशी झालेल्या व्यवस्थेनुसार सुरतेजवळचा हा मुलूख घेतला आणि सचिनचे संस्थान निर्माण झाले. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. सारांश, इतिहासातील शत्रू येथे केवळ पुस्तकातला नसतो. त्याचे नाव गावाच्या जन्मकथेतच आहे. अशा ठिकाणी ऐतिहासिक चित्रपटाची परीक्षा अधिक सावधपणे करावी लागते.

प्रथम गुणांचा उल्लेख करणे न्याय्य होईल. संभाजीमहाराजांवर मराठी वाङ्मयाने दीर्घकाळ अन्याय केला, हे आता बहुतेक सर्व मानतात. बखरकारांनी त्यांना दुराचारी ठरविले आणि नाटककारांनी तेच चित्र उचलले. आमच्या शेजारच्या आजच्या नवसारी जिल्ह्यात जन्मलेले राम गणेश गडकरी यांच्यासारख्या प्रतिभावंतानेही आपल्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकात तीच वाट धरली. त्याचा राग इतका साठून राहिला होता की, २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडून टाकण्यात आला. त्या रागाचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु त्याचे मूळ खोटे नव्हते. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० मध्ये संभाजीमहाराजांचे साधार चरित्र सिद्ध केले आणि पुढे डॉ. कमल गोखले यांनी ते कार्य चालविले, तेव्हा कुठे खरा राजा दिसू लागला. १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची 'छावा' ही कादंबरी आली व प्रस्तुत चित्रपट तिच्याच आधारावर उभा आहे. जे काम बेंद्र्यांच्या ग्रंथाने हजारोंपर्यंत नेले, ते ह्या चित्रपटाने कोट्यवधींपर्यंत नेले. मराठी न जाणणाऱ्या भारतीयालाही आज हे नाव ठाऊक झाले आहे, आणि ही सेवा लहान नव्हे.

अभिनयातही उणेपणा नाही. श्री. विकी कौशल यांनी संभाजीमहाराजांची भूमिका अंगांगाने केली आहे. परंतु आमच्या मते सर्वांत प्रभावी काम श्री. अक्षय खन्ना यांच्या औरंगजेबाचे आहे. हा औरंगजेब ओरडत नाही. तो खालच्या आवाजात बोलतो, हातातले विणकाम चालू ठेवतो आणि एखाद्या नजरेने माणसाचे भवितव्य ठरवून टाकतो. येथे रक्ताचा थेंबही नसतो, तरी प्रेक्षकाच्या अंगावर काटा उभा राहतो. बंदिवासात संभाजीमहाराज व कवी कलश एकमेकांना काव्याने धीर देतात, तो प्रसंगही असाच उंचीचा आहे. दोन मित्र मृत्यूच्या दारात शब्दांनी खेळतात आणि पाहणाऱ्याचा ऊर भरून येतो. हे दोन प्रसंग वाचकांनी लक्षात ठेवावेत. कारण दिग्दर्शकापाशी संयमाची शक्ती होती, ह्याचा पुरावा तेच देतात.

आता अखेरच्या भागाकडे वळू. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरास मुकर्रबखानाने महाराजांना पकडले आणि ११ मार्च रोजी, फाल्गुन अमावस्येस, भीमा-इंद्रायणीच्या परिसरात त्यांची हत्या झाली. मधल्या काळातील छळ हे इतिहासाचे सत्य आहे. ते सांगितलेच पाहिजे. परंतु चित्रपट ते सांगत नाही, तो ते मोजून दाखवितो. नखे, डोळे, जीभ, जखमांवर मीठ, ह्या क्रमाने एकेक यातना जवळून व लांबवून पडद्यावर येते. प्रत्येक यातनेनंतर आता पुढची कोणती, असा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभा राहतो. ज्या क्षणी तो प्रश्न उभा राहतो, त्या क्षणी महाराज दूर जातात आणि उरतो तो केवळ एक जखमी देह.

आपल्या शास्त्रकारांना ही अडचण ठाऊक होती. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात युद्ध, राज्यनाश, मरण आणि नगराचा वेढा ह्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखविता प्रवेशकांतून सूचित कराव्यात, असा दंडक आहे. त्याला कोणी भाबडी सोवळेशाही म्हणेल. पण वीररसाचा स्थायीभाव उत्साह, करुणाचा शोक, रौद्राचा क्रोध आणि बीभत्साचा जुगुप्सा, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दंडकाचे मर्म कळते. तापलेली सळई डोळ्याजवळ नेण्याचे दृश्य जेव्हा जवळून दाखविले जाते, तेव्हा उत्साह व शोक हे दोन्ही भाव मागे सरतात. जुगुप्सा पुढे येते आणि तिच्या पाठोपाठ क्रोध येतो. ज्याला हुतात्म्याविषयी शोक व आदर वाटावयाचा, तो शिसारी व संताप घेऊन बाहेर पडतो.

भासाने 'ऊरुभङ्ग' नाटकात हा दंडक मोडला, हे आम्हांस माहीत आहे. तेथे दुर्योधन रंगभूमीवरच प्राण सोडतो. परंतु भासाने काय दाखविले आणि काय दाखविले नाही, ते पाहावे. गदायुद्धाचा व मांडी फोडण्याचा वृत्तांत सैनिकांच्या तोंडून येतो. प्रत्यक्ष दिसतो तो भग्न मांड्यांनी सरपटत येणारा, संतापलेल्या बलरामाला शांत करणारा आणि बाळ दुर्जयाला मांडीवर घेऊ न शकणारा पिता. घाव दाखविला नाही, घायाळ मनुष्य दाखविला. आमच्या कोंकणातील दशावतारातही राक्षसाचा वध तालावर, नाचत होतो. देवळापुढच्या अंगणात बसलेल्या लहान मुलालाही तो वध कळतो, आणि तरीही ते मूल भयाने रात्री दचकत नाही. वसंत कानेटकरांनी ह्याच मृत्यूवर १९६८ मध्ये 'इथे ओशाळला मृत्यू' हे नाटक रंगभूमीवर आणले. रंगभूमीला तापल्या सळईचा खेळ जवळून दाखविता येत नाही, तिला शब्दांवर व स्तब्धतेवर भिस्त ठेवावी लागते. ही तिची उणीव नसून तिचे रक्षण आहे.

येथे एक आक्षेप येईल: ही सारी जुनी मोजमापे झाली; छायाचित्रणाची कला निराळी, तिला सत्य जसेच्या तसे दाखविता येते, मग का दाखवू नये? ह्याचे उत्तर शोधताना आम्हांस एका परदेशी चित्रपटाची आठवण झाली. २००६ च्या डिसेंबरात अमेरिकेत प्रदर्शित झालेला, मेल गिब्सन यांचा 'अपोकॅलिप्टो' हा तो चित्रपट होय. मध्य अमेरिकेतील प्राचीन माया लोकांची ही कथा. अरण्यातील एका वस्तीवर नगरातले सैनिक धाड घालतात, तरुणांना बांधून नेतात आणि उंच देवालयाच्या माथ्यावर त्यांची हृदये काढून बळी देतात. एक तरुण निसटतो आणि उरलेला चित्रपट म्हणजे त्याचा पाठलाग. भाषा युकातेक माया, नट बहुतांशी अमेरिकेतील मूळ रहिवासी, अरण्य अस्सल. सत्य जसेच्या तसे दाखविण्याचा एवढा खटाटोप क्वचितच कोणी केला असेल.

आणि तरीही तो चित्रपट असत्य आहे. माया लोक नरबळी देत नव्हते, असे आम्ही म्हणत नाही. एके काळी कित्येक विद्वान त्यांना केवळ तारे पाहणारे शांतिप्रिय लोक समजत. १९४६ मध्ये बोनाम्पाक येथील भित्तिचित्रे जगापुढे आली, त्यांत युद्ध व बंद्यांचा छळ स्पष्ट रंगविलेला होता, आणि तो भ्रम फिटला. दोष आहे तो प्रमाणाचा. ज्यांनी शून्याची कल्पना योजिली, शुक्राच्या गतीचे व ग्रहणांचे कोष्टक मांडले, स्वतःची लिपी घडविली, त्यांच्याविषयी दोन तासांहून अधिक लांबीच्या चित्रपटात जवळजवळ काहीच नाही. ग्रहणाची विद्या येते ती जमावाला भुलविण्याची युक्ती म्हणून. दक्षिणेकडील मोठी माया नगरे इसवीच्या नवव्या शतकाच्या सुमारास ओस पडली आणि स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात आले. मधली सहाशे वर्षे गाळून चित्रपट त्या ऱ्हासाला आणि समुद्रात उभ्या राहिलेल्या गलबतांना एकत्र आणतो. पाठलाग करणारे त्या गलबतांकडे पाहत थबकतात व नायक वाचतो. तो त्या गलबतांकडे जात नाही, अरण्यात परततो, एवढा विवेक दिग्दर्शकाने राखला आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु प्रेक्षकाच्या मनावर ठसा उरतो तो हाच की, हे लोक असे क्रूर होते, तेव्हा त्यांचे जे झाले ते त्यांच्याच कर्माचे फळ.

हा युक्तिवाद आमच्या गोमंतकीय वाचकांना अपरिचित नाही. १५६२ मध्ये युकातानातील मानी गावी दिएगो दे लांदा ह्या स्पॅनिश पाद्र्याने माया लोकांच्या मूर्ती व पोथ्या जाळल्या. आज त्या जातीच्या अवघ्या चार पोथ्या शिल्लक आहेत. त्याच दशकात, १५६० मध्ये, गोव्यात धर्मसमीक्षणसंस्था स्थापन झाली आणि १५६७ पर्यंत साष्टीतील देवळे जमीनदोस्त झाली. कुशस्थळीचा मंगेश व केळोशीची शांतादुर्गा रातोरात अंत्रुजात नेलेली आपली घराणी आजही त्या वाटेची आठवण ठेवून आहेत. तेथेही कारण हेच सांगितले गेले होते: हे मूर्तिपूजक, हे अंधारातले लोक, ह्यांचा उद्धार झालाच पाहिजे. जेत्याने पराजितांचे केवळ रक्त दाखवावयाचे व त्यांची विद्या झाकावयाची, ही साक्ष आपल्याविरुद्धही दिली गेली आहे. म्हणून देवालयाशी बांधलेल्या समाजाने 'अपोकॅलिप्टो' पाहताना मायांच्या बाजूला उभे राहावयास हवे. ते लोक संपलेलेही नाहीत. ग्वातेमालातील एक माया स्त्री, रिगोबेर्ता मेंचू, १९९२ मध्ये शांततेच्या नोबेल पारितोषिकाची मानकरी झाली.

ह्यावरून जी कसोटी हाती येते ती अशी. ऐतिहासिक चित्रपटात रक्त असावे की नसावे, हा प्रश्न दुय्यम आहे. चित्रपट संपल्यावर ज्याचे रक्त आपण पाहिले तो मनुष्य आपल्याला अधिक कळला काय, हा खरा प्रश्न होय.

ह्या कसोटीला 'छावा' लावून पाहू. 'अपोकॅलिप्टो'प्रमाणे तो पराजितांची निंदा करीत नाही. उलट तो एका हुतात्म्याला वंदन करतो. हेतूत आकाशपाताळाचे अंतर आहे. परंतु प्रमाणाचा दोष मात्र तोच. ज्याने 'बुधभूषणम्' हा संस्कृत ग्रंथ रचिला, ब्रजभाषेत 'नखशिख', 'नायिकाभेद', 'सातसतक' लिहिले, तो कवी व पंडित राजा बंदिवासातील थोड्या ओळींपुरता दिसतो. १६८३ मध्ये फोंड्यास पोर्तुगीजांना परतवून ज्याने खुद्द गोव्याला हादरा दिला, त्याच्या मुत्सद्देगिरीसाठी चित्रपटापाशी सवड नाही. सिंहाशी झुंजण्यासाठी आहे, साखळदंडांसाठी आहे. महाराजांच्या जखमा आम्हांला पाठ झाल्या. महाराजांचे मन मात्र आम्ही शोधतच राहिलो.

एक प्रसंग ह्या बाबतीत फार बोलका आहे. जानेवारी २०२५ मध्ये चित्रपटाची झलक बाहेर आली, तेव्हा तीत महाराज लेझीम खेळताना दिसतात म्हणून मोठी हरकत घेण्यात आली आणि दिग्दर्शकांनी ते दृश्य काढून टाकले. राजाने आपल्या लोकांत मिसळून लेझीम खेळावी, हे आमच्या अभिमानाला सोसले नाही. त्याच राजाचे डोळे काढण्याचे दृश्य मात्र आम्ही सहकुटुंब पाहून आलो आणि त्याला हरकत घेतली नाही. आनंदात असलेला राजा आम्हांला जवळचा वाटू नये व यातनेत असलेला राजा तेवढा आपला वाटावा, ही भक्तीची विपरीत स्थिती नव्हे काय?

पुढे जे घडले तेही विसरून चालणार नाही. बुऱ्हाणपुराच्या खजिन्याचे दृश्य पाहून असीरगडाजवळच्या लोकांनी रात्री दिवे लावून शेते खणली, सोन्याची नाणी सापडतील म्हणून. फितुरीच्या चित्रणाने दुखावलेल्या शिर्के घराण्याच्या वंशजांची दिग्दर्शकांना क्षमा मागावी लागली. आणि १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात दंगल उसळली. ह्या चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग समोर आला, असे मुख्यमंत्र्यांनीच विधानसभेत सांगितले आणि शांतता राखण्याचे आवाहन केले. दंगलीचे सारे कारण एका चित्रपटाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तिला अनेक हात लागले होते. परंतु जुगुप्सेच्या पाठोपाठ क्रोध येतो आणि क्रोधाला तीनशे वर्षांपूर्वीचा शत्रू सापडत नाही म्हणून तो आजचा शेजारी शोधतो, हे आमच्या शास्त्रकारांना जे दिसत होते, ते नाकारण्यातही अर्थ नाही. सचिनच्या एकाच कारखान्यात, एकाच पाळीत, दोन्ही धर्मांचे कामगार शेजारशेजारच्या मागांवर उभे असतात. येथे हा प्रश्न रसशास्त्रापुरता राहत नाही.

आमच्या देवळांत बळीची प्रथा कशी पालटली, ह्याचा विचार वाचकांनी करावा. जेथे एके काळी पशूचे रक्त सांडत असे, तेथे कित्येक ठिकाणी आज कोहळा फुटतो, नारळ वाढविला जातो. त्यामुळे देवतेचा मान कमी झाला, असे कोणी म्हणत नाही. अर्पणाचा भाव राहिला, रक्त गेले. कलेनेही हेच करावयाचे असते. यातना वगळावयाची नाही, तिचे महत्त्व उणे करावयाचे नाही. तिचा भाव पोहोचवावयाचा आणि रक्ताची धार आवरावयाची.

म्हणून सभामंडपातील दोन्ही पक्षांना आमचे सांगणे असे. चित्रपट पाहूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्याला सोळा वर्षांवरील मुलांच्या योग्यतेचे जे प्रमाणपत्र मिळाले, ते विचारपूर्वक दिलेले आहे. कडेवरच्या मुलांना तेथे नेणे हा धर्माभिमान नव्हे. मोठ्या मुलांना न्यावे, आणि परतल्यावर गोष्ट पुरी करावी. कारण चित्रपट जेथे संपतो तेथे इतिहास संपत नाही. राजाराममहाराज जिंजीस गेले, येसूबाई व बाळ शाहू कैदेत पडले, ताराबाईंनी झुंज चालू ठेवली आणि अठरा वर्षांनी, १७०७ मध्ये, औरंगजेब अहमदनगरजवळ दक्षिणेतच मरण पावला; राज्य उरले. संभाजीमहाराजांच्या मृत्यूचा अर्थ त्या अठरा वर्षांत आहे. जो केवळ मृत्यू दाखवितो आणि त्या वर्षांना जेमतेम स्पर्श करतो, तो अर्धीच साक्ष देतो.

फाल्गुन अमावस्येस अनेक ठिकाणी महाराजांचे पुण्यस्मरण होते. दुसऱ्याच दिवशी घरोघर गुढी उभारली जाते. पुढील वर्षी त्या दिवशी आमच्या सभामंडपात चित्रपटाची चर्चा न होता 'बुधभूषणम्'मधील चार श्लोक अर्थासह म्हटले जावेत, अशी आमची विनंती आहे. ज्या बाईंनी डोळ्यांवर पदर घेतला, त्यांनी राजांची अवज्ञा केली नाही. त्यांना जे पाहावयाचे होते ते पडद्यावर नव्हते, एवढेच.